रशियन माणसाला 'गेट' का अडतं

'आय गॉट अ लेटर.' 'इट्स गेटिंग डार्क.' 'वी गॉट होम अ‍ॅट टेन.' 'ही गॉट अँग्री.' 'नाउ आय गेट इट.' शाळेत इंग्रजी शिकलेल्या मराठी मुलाला ही पाच वाक्यं फारशी अडत नाहीत. रशियनमध्ये मात्र पाचही ठिकाणी वेगळं क्रियापद येतं. पत्र मिळालं तर 'पलुचील', अंधार पडतोय तर 'तिम्नेयित', घरी पोचलो तर 'दब्रालिस', तो रागावला तर 'रस्सिर्दील्स्या' आणि आत्ता कळलं तर 'पोन्याल'. ही पाच क्रियापदं एकामागून एक ऐकली तर त्यांच्यात काही नातं असेल असं कुणाला वाटणारही नाही. (रशियन शब्द इथे देवनागरीत जवळपास बसतील तसे लिहिले आहेत. आणि 'गेट' म्हणजे फाटक नव्हे, क्रियापद.)

इंग्रजी शिकणाऱ्या रशियन मुलाला सुरुवातीला 'गेट' म्हणजे 'पलुचीत्', मिळणे, एवढंच सांगितलं जातं. इंग्रजी बोललं जातं तिथे तो पोचला की दर दुसऱ्या वाक्यात त्याला 'गेट' भेटतं, आणि त्यात 'मिळणे' फार थोड्या वेळा असतं. मग तो शब्दकोश उघडतो. व्लादिमिर म्युलर यांचा इंग्रजी-रशियन कोश १९४० च्या दशकापासून रशियातल्या घराघरांत आहे. त्यात 'गेट'खाली अर्थांची लांबलचक यादी लागते, आणि ती पाठ करायची या कल्पनेनेच छाती दडपते.

माझं म्हणणं असं, की ही यादी पाठ करायची गरज नाही. 'गेट'चा गाभा एकच आहे: आधी नसलेल्या जागी, स्थितीत किंवा ताब्यात येणे. बाकीचा सगळा अर्थ त्याच्या पुढे येणारा शब्द पुरवतो. रशियन भाषा हेच काम क्रियापदाच्या पोटात उरकते, म्हणून रशियन कानाला एकाच शब्दाचे तीस शब्द झाल्यासारखे वाटतात. मराठी वाचकाला हे समजून घेणं सोपं जावं, कारण आपली भाषा या दोन पद्धतींच्या मधोमध कुठेतरी उभी आहे.

स्थिती बदलण्यापासून सुरुवात करू. इंग्रजीत एक 'गेट' घ्यायचं आणि पुढे विशेषण जोडायचं: 'गेट ओल्ड', 'गेट वेट', 'गेट टायर्ड', 'गेट लॉस्ट'. रशियन विशेषणातूनच क्रियापद घडवते. 'स्तारी' म्हणजे म्हातारा, त्यावरून 'स्तरेत्', म्हातारं होत जाणे. 'बेद्नी' म्हणजे गरीब, त्यावरून 'बिद्नेत्', गरीब होत जाणे. 'क्रास्नी' म्हणजे लाल, त्यावरून 'क्रस्नेत्', लाल होणे, लाजून गाल लाल होतात तेही यात आलं. बदल चालू असेल तर हे साधं रूप पुरतं. तो पूर्ण झाला असेल तर पुढे उपसर्ग लागतो: 'स्तरेत्' म्हातारं होत चाललाय, 'पस्तरेत्' म्हातारा झाला.

आता मराठीकडे बघा. आपण 'होणे' वापरतो, पण त्याखेरीज 'भिजणे', 'दमणे', 'हरवणे', 'गारठणे', 'रागावणे', 'थंडावणे', 'मंदावणे', 'रोडावणे', 'काळवंडणे' अशी एकेका शब्दात काम भागवणारी क्रियापदं आपल्याकडे पोत्यानं आहेत. 'ओला झालो' म्हणता येतं, पण पावसातून आलेला माणूस 'भिजलो' म्हणतो. रशियनही 'प्रमोक' म्हणतो, भिजलो. इथे इंग्रजी एकीकडे आणि मराठी-रशियन दुसरीकडे. इंग्रजी माणसाचं 'आय गॉट वेट' ऐकल्यावर रशियन विद्यार्थी 'काय मिळालं?' असं मनात विचारतो, त्याचं कारण हेच. त्याच्या भाषेत ओलं होण्यात मिळण्याचा काही संबंध नाही.

हरवण्यात तर रशियन आणखी बारीक जाते. जंगलात किंवा अनोळखी गल्ल्यांत वाट चुकली तर 'जब्लुदील्स्या'. जत्रेत मूल गर्दीत दिसेनासं झालं तर 'पतिर्याल्स्या'. इंग्रजीत दोन्ही 'गॉट लॉस्ट'.

लग्नाचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. इंग्रजीत मुलगा, मुलगी, जोडपं, कुणीही असो, 'गॉट मॅरिड'. रशियनमध्ये पुरुषाने लग्न केलं तर 'झिनील्स्या'. यात 'झिना', म्हणजे बायको, हा शब्द आहे. बाईने लग्न केलं तर 'विश्ला जामुश'. फोड केली तर 'नवऱ्याच्या मागे बाहेर पडली'. माहेरच्या घरातून निघून जाण्याचं ते चित्र त्या दोन शब्दांत शिल्लक राहिलं आहे. आणि दोघांनी मिळून लग्न केलं तर तिसरंच क्रियापद, 'पझिनीलिस'. त्यामुळे रशियनमध्ये लग्नाची बातमी सांगताना लग्न कुणाचं हे क्रियापदातूनच कळतं. इंग्रजीकडून रशियनकडे येणाऱ्याला 'गॉट मॅरिड' या दोन शब्दांसाठी तीन दारं दिसतात. रशियनकडून इंग्रजीकडे जाणाऱ्याला तिन्ही दारं एकाच खोलीत उघडताना दिसतात, आणि काहीतरी सांगायचं राहून गेलं असं त्याला वाटत राहतं.

आता उपसर्गांकडे, कारण खरी गंमत तिथे आहे. संस्कृत शिकलेल्या पिढीला हा श्लोक आठवेल:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥

उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो. जसं एकाच 'हृ' धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. रशियन क्रियापदांचं सगळं तंत्र या दोन ओळींत सांगून होतं. जुन्या रशियनमध्ये 'पकडणे, घेणे' अशा अर्थाचा 'याती' नावाचा धातू होता. आजच्या भाषेत तो एकटा वापरत नाहीत, पण त्याची मुलंबाळं भाषेत सगळीकडे आहेत. 'पन्यात्' समजणे, 'प्रिन्यात्' स्वीकारणे, 'अब्न्यात्' मिठी मारणे, 'पद्न्यात्' उचलणे, 'अत्न्यात्' हिरावून घेणे, 'नन्यात्' नोकरीवर ठेवणे. 'स्न्यात्' म्हणजे अंगावरचे कपडे उतरवणे, घर भाड्याने घेणे आणि चित्रपटाचं चित्रीकरण करणेही. म्हणजे रशियनमध्येही एका शब्दाला अनेक अर्थ असतातच. आपल्या भाषेतलं ते आपल्याला दिसत नाही.

यातलं 'पन्यात्' पुन्हा बघा. समजणे या अर्थाचा हा शब्द मुळात 'पकडणे' आहे. इंग्रजीतलं 'आय गेट इट' हेही तसंच. 'गेट' इंग्रजीत आलं ते उत्तरेकडून. नवव्या ते अकराव्या शतकांत डेन्मार्क आणि नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत येऊन राहिले. त्यांच्या बोलीत 'गेटा' म्हणजे हाती लागणे, मिळवणे. 'टेक' (घेणे) आणि 'दे' (म्हणजे 'ते लोक') हे रोजचे शब्दही इंग्रजीला त्यांच्याकडूनच मिळाले. या 'गेटा'चा एक भाऊबंद इंग्लंडमध्ये आधीपासून होता, पण जोडशब्दांत दडलेला: 'फर्गेट'मधला 'गेट' तोच. विसरणे म्हणजे हातातलं सुटणे. आणखी मागे गेलं तर लॅटिनमधला 'पकडणे' या अर्थाचा शब्दही याच मुळातून फुटलेला दिसतो. तिथून इंग्रजीत 'कॉम्प्रिहेन्ड', म्हणजे समजणे, आलं आणि 'प्रिझन', म्हणजे तुरुंग, हेही आलं. आपल्याकडे 'ग्रह्' धातूपासून 'ग्रहण', 'संग्रह', 'आग्रह', 'निग्रह' असे शब्द झाले. ज्ञान ग्रहण करतो तेव्हा आपणही ते पकडतच असतो.

मॉस्कोचे भाषाशास्त्रज्ञ युरी अप्रेस्यान यांनी १९७४ मध्ये हीच गोष्ट शास्त्रीय पद्धतीने मांडली. ते स्वतः इंग्रजी-रशियन कोशाच्या मोठ्या कामात होते, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या रोजच्या टेबलावरचा होता. शब्दांचे अनेक अर्थ वाटेल तसे फुटत नाहीत, त्यांना ठरलेल्या वाटा असतात, असं त्यांनी दाखवलं. 'शाळा' घ्या. 'शाळा रंगवली' म्हटलं की इमारत, 'शाळा चांगली आहे' म्हटलं की संस्था, 'अख्खी शाळा सहलीला गेली' म्हटलं की मुलं. रशियन 'श्कोला' याच वाटांनी जाते, आणि दवाखाना, कारखाना हे शब्दही. पकडण्यापासून समजण्याकडे जाणारी वाट अशीच जुनी आणि रुळलेली आहे. ती एकदा ओळखली की 'गेट'चे दोन-तीन अर्थ यादीतून आपोआप गळतात.

पोचण्याचा अर्थ मात्र रशियन माणसाला वेगळ्या कारणाने जड जातो. 'हाउ डू आय गेट टु द स्टेशन?' असं इंग्रजीत कुणीही सहज विचारतो. रशियनमध्ये बहुतेक वेळा आधी ठरवावं लागतं, चालत की वाहनाने? चालत पोचणे 'दय्ती', वाहनाने पोचणे 'दयेखत्', विमानाने पोचणे 'दलितेत्', पाण्यातून पोचणे 'दप्लीत्'. सगळ्यांच्या पुढे तोच उपसर्ग 'दो', 'पर्यंत' या अर्थाचा. कसं का होईना, एकदाचे पोचलो असं म्हणायचं असेल तर 'दब्रात्सा', आणि त्यात वाटेतल्या कष्टांचा थोडा दम असतो. म्हणून या अर्थाच्या 'गेट'ला सर्वांत जवळचा शब्द तोच.

एक रशियन क्रियापद असं आहे, की ते स्वतःच जवळजवळ 'गेट' आहे: 'दस्तात्'. फळीवरच्या डब्यापर्यंत हात पोचणे, खिशातून काढणे, खटपट करून मिळवणे, हे सगळं त्यात येतं. सोव्हिएत काळात या शब्दाला मोठं महत्त्व आलं. दुकानात पैसे देऊन वस्तू घेणे म्हणजे 'कुपीत्', पण चांगले बूट, परदेशी जीन्स, एखादं गाजलेलं पुस्तक यांचा तुटवडा इतका असे की पैसे असून भागत नसे. ओळख लागे, रांग लागे, वेळ लागे. तेव्हा लोक अभिमानाने 'दस्ताल' म्हणत, मिळवलं एकदाचं. लांब रांग दिसली की आधी रांगेत उभं राहून मग 'श्तो दायूत?', म्हणजे 'काय देतायत?', असं विचारण्याची त्या काळची रीत. विकत घेण्याच्या ठिकाणी 'देतायत' हे क्रियापद येणं, यातच तेव्हाच्या बाजाराची सगळी हकीकत आली. इंग्रजीतल्या 'आय गॉट शूज'चं रशियन भाषांतर त्यामुळे काळावर अवलंबून आहे. सोव्हिएत काळातल्या गोष्टीत 'कुपील' लिहिलं तर नुसती खरेदी होते. 'दस्ताल' लिहिलं तर त्यामागची धडपडही वाचकाला दिसते.

आज हाच शब्द घराघरांत आणखी एका अर्थाने ऐकू येतो. 'ती मिन्या दस्ताल!' म्हणजे तू मला अगदी वैताग आणलास. पोचणे, टोचेपर्यंत पोचणे. इंग्रजीतही 'ही इज गेटिंग टु मी' म्हणजे तो माझ्या डोक्यात जातोय. एकमेकांना न विचारता दोन भाषा एकाच वळणावर पोचल्या. आपलं 'डोक्यात जाणे' त्या दोघांपासून लांब नाही.

आता दुसऱ्याकडून काम करून घेण्याबद्दल. 'आय गॉट माय हेअर कट' हे वाक्य रशियन विद्यार्थ्यांना हमखास चुकतं. रशियनमध्ये न्हाव्याकडे जाऊन आलेला माणूस 'पस्त्रीग्स्या' म्हणतो, शब्दशः 'स्वतःला कातरलं'. आतेल्येत, म्हणजे शिवणघरात, ड्रेस शिवायला टाकलेली बाईदेखील 'मी ड्रेस शिवला' म्हणू शकते. रशियन ऐकणाऱ्याच्या मनात प्रत्यक्ष शिवलं कुणी हा प्रश्न येत नाही. हीच सवय घेऊन तो इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हणतो आणि समोरचा त्याच्या हातात कात्री बघतो. मराठीत आपणही 'काल दाढ काढली' म्हणतो आणि सगळ्यांना ती दंतवैद्याने काढली हे समजतं. पण आपल्याकडे नेमकेपणा हवा असेल तेव्हा 'करून घेणे' आहे: केस कापून घेतले, ब्लाउज शिवून घेतला. हे 'घेणे' म्हणजे इथलं 'गेट'च.

'आय गॉट हिम टु साइन' यात पेच आणखी वाढतो. त्याने सही केली, पण कशी? रशियनला सांगावंच लागतं: विनंती केली तर 'पप्रसील', समजूत घालून वळवलं तर 'उगवरील', भाग पाडलं तर 'जस्ताविल'. इंग्रजी 'गेट' यातलं काहीच सांगत नाही. मराठी 'त्याच्याकडून सही करून घेतली' हेही सांगत नाही. कराराच्या कागदात किंवा पोलीस जबाबात हे वाक्य आलं तर रशियन अनुवादकाला एक बाजू निवडावी लागते, आणि मूळ वाक्यात ती कुठेच नसते. अशा ठिकाणी त्याने लिहिणाऱ्याला विचारून घेणंच योग्य, असं मला वाटतं.

काही बाबतींत मात्र मराठी माणूस आणि रशियन माणूस अगदी एका बाकावर बसतात. 'आय हॅव गॉट अ कार' घ्या. रशियनमध्ये रोजच्या बोलण्यात 'हॅव'सारखं क्रियापद वापरत नाहीत. 'उ मिन्या येस्त् मशीना' म्हणतात, शब्दशः 'माझ्याकडे आहे गाडी'. शब्दागणिक मराठी! 'ही गॉट फायर्ड' याला रशियन 'यिवो उवोलिली' म्हणते, म्हणजे 'त्याला काढलं'. कुणी काढलं ते सांगायची गरज नाही. आपणही तेच म्हणतो.

आणि एका ठिकाणी मराठी रशियनच्याही पुढे आहे. 'आय गॉट टु सी द ताज महल' यातलं 'गेट' संधीचं आहे. रशियनला त्यासाठी 'म्न्ये उदालोस', म्हणजे 'मला जमलं', असा आडवळणाचा रस्ता घ्यावा लागतो. मराठीत सरळ 'बघायला मिळालं'. क्रियापद तेच, जोडणी तीच.

आपल्याकडे 'लागणे' आहे, हे इथे सांगितलंच पाहिजे. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, नोकरी लागते, दिवे लागतात, कारलं कडू लागतं, वेळ लागतो, पाऊस लागून राहतो, मूल चालायला लागतं. मराठी शिकणाऱ्या रशियनाला ही यादी दिली तर तो 'गेट'पेक्षाही घाबरेल. आपल्याला मात्र यात एकच शब्द ऐकू येतो, कारण 'चिकटणे, स्पर्श होणे' हा जुना अर्थ सगळीकडे मंदपणे जाणवत राहतो आणि बाकीचं काम 'भूक', 'नोकरी', 'वेळ' करतात.

लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९२० च्या दशकात इंग्रजीचे प्राध्यापक असलेले जे. आर. फर्थ यांनी पुढे १९५७ मध्ये लिहिलं, की शब्द कोणाच्या संगतीत आहे त्यावरून तो ओळखावा. इंग्रजी शिकणाऱ्या रशियन माणसाला मी हेच हाती देईन. 'गेट'च्या पुढे वस्तू असेल तर मिळणे किंवा आणणे. विशेषण असेल तर होणे. जागा असेल तर पोचणे. माणूस आणि मग 'टु' असेल तर करायला लावणे. 'गेट'च्या मागेपुढे काहीच नसेल, फक्त 'इट' असेल, तर बहुधा समजणे. एवढ्यावर त्याचं बरंचसं काम निघतं.

उरतात ती छोट्या शब्दांची जोडी असलेली क्रियापदं: 'गेट अप', 'गेट ओव्हर', 'गेट अलाँग', 'गेट अवे विथ'. ज्यांच्या भाषेत असली जोडक्रियापदं नसतात ते इंग्रजी बोलताना ती टाळतात, असं १९८५ मध्ये हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करताना डागुट आणि लाउफर या संशोधकांना आढळलं. रशियन माणूसही 'गेट' टाळून 'रिसीव्ह', 'बिकम', 'अराइव्ह' वापरतो. चूक काही होत नाही, पण चहा पिताना कुणी अर्जाच्या भाषेत बोलावं तसं ते ऐकू येतं. यातल्या काही जोड्या अंदाजाने उलगडतात. 'गेट ऑन द बस'ला रशियन 'बसमध्ये बसणे' म्हणतो, मग आत उभं राहायलाही जागा नसली तरी. 'गेट अवे विथ'चा मात्र तर्काने थांग लागत नाही. चूक करून माणूस सहीसलामत सुटला, तर रशियनमध्ये ते 'स रुक सश्लो', म्हणजे हातांवरून उतरलं, आणि मराठीत ते त्याला पचलं. हे असलं अख्खंच लक्षात ठेवावं लागतं, ज्या वाक्यात पहिल्यांदा ऐकलं त्या वाक्यासकट.